पुनमची खुर्ची

१

हिंगोलीहून वाशिमकडे जाणारे ट्रक कनेरगाव नाक्यावर चहाला थांबतात. तिथे ढाब्याच्या समोर लालसिंग शेठचं सेवा केंद्र होतं. सेवा कसली, तर विहिरीत आणि बोअरात सोडायच्या पाणबुडी मोटारींची. मोटारी विकायचं दुकान हिंगोलीत, चकचकीत काचेचं. आणि त्याच मोटारी जळाल्यावर लोकांच्या शिव्या ऐकायला नाक्यावरची ही खोली. पुढे एक टेबल, एक फिरती खुर्ची, एक फोन, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर. मागच्या दारापलीकडे गोदाम. तिथे जळक्या मोटारी ओळीनं आडव्या ठेवलेल्या असायच्या.

त्या खुर्चीवर करुणा बसायची. बारावी शिकलेली, नाक्यामागच्या वस्तीत आईबरोबर राहणारी. आई पद्माबाई लोकांच्या शेतात हळद काढायला जायची. दिवाळीनंतर करुणाची सोयरीक जमली होती. मुलगा धम्मदीप, औरंगाबादला कारखान्यात कामाला. लग्न वैशाखात. दोन हजार चार सालचा तो हिवाळा, आणि तोवर दिवस ढकलायला फोन होताच.

फोनवरचं गिऱ्हाईक हा एक वेगळाच जीव असतो. समोर आलेला माणूस तुमचं तोंड बघून एखादा तरी शब्द गिळतो. फोनवरचा काही गिळत नाही. त्याची मोटार जळालेली असते, लाईट मोजके तास असते, पीक डोळ्यांदेखत माना टाकत असतं, आणि मोटार बनवणारा कंपनीचा मालक त्याला सापडत नसतो. सापडते ती करुणा. मग कंपनीचा, लाईटचा, देवाचा आणि सरकारचा सगळा राग तिच्या कानात ओतला जायचा. करुणाही काही मेणाची नव्हती. ती आवाज न चढवता असं एखादं टोचून बोलायची की पलीकडचा अजूनच पेटायचा.

शेठचा एक नियम होता. या खुर्चीवर कुणीही बसो, फोनवर तिचं नाव पुनम. आपलं खरं नाव सांगायचं नाही. "पोरी लगीन होऊन जातात," लालसिंग शेठनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "गिऱ्हाईक ऱ्हातं. त्यानं दर वक्ती नवं नाव काहून ध्यानात ठेवावं? फोन उचलायचा अन् म्हनायचं, नमस्कार, मी पुनम बोलते, सांगा, काय तकलीफ आहे." करुणाच्या आधीच्या मुली हेच म्हणाल्या होत्या, त्यांच्या आधीच्याही. करुणाला या वाक्याची इतकी सवय झाली होती की एकदा घरी आईनं झोपेतून हाक मारली, तर तिनं "सांगा, काय तकलीफ आहे" असं उत्तर दिलं. पद्माबाई हसून हसून उठून बसली.

रोज सकाळी शटर उघडायचं, टेबल पुसायचं, रिसीव्हर उचलून टोन आहे का बघायचं, असा तिचा क्रम. खोलीत ऊन यायचं नाही. त्या दिवसांत टेबलाचा पत्रा बर्फासारखा गार असायचा, कुलूपसुद्धा हाताला चावायचं. एका सकाळी तिनं रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. टोन होता. रिसीव्हर गरम होता.

फार नाही. कुणी बराच वेळ बोलून नुकताच ठेवल्यावर असतो तेवढाच.

तिला वाटलं, आपलेच कान गार पडलेत. मग पहिला फोन वाजला आणि ती विसरून गेली.

२

फोन हट्ट्याच्या सटवाजीचा होता. हा माणूस करुणाच्या पाचवीलाच पुजलेला. सहा एकर हळद, एक बोअर, आणि दर पंधरवड्याला जळणारी मोटार. तो "हॅलो" म्हणायच्या आधी ओरडायला लागायचा.

"नमस्कार, मी पुनम बोलते. सांगा, काय तकलीफ आहे?"

"तू न्हाई," सटवाजी म्हणाला. "मघाच्या बाईला दे."

"मीच हाय इथं काका. दुसरं कोनी न्हाई."

"हाय कशी न्हाई? आताच तर बोललो मी, दिवस उगायला. पुनमबाईसंग. तिनं सारं बराबर ऐकून घेतलं. म्हनली, काका, पाण्याची पाळी चुकली तर हळदीचं काय होतंय ते मला ठावं हाय, मी मुन्नाला पाठवते. तू दे तिला फोन, मला तुझ्यासंग बोलायचं न्हाई."

करुणाला राग आला. केंद्राची किल्ली तिच्याकडे आणि शेठकडे, आणि शेठ हिंगोलीला आठाच्या आत अंथरुणातून उठत नाही. तिनं गोड आवाज काढून सांगितलं, "काका, तुमचा फोन दुसऱ्या कुठं लागला असंल."

"दुसऱ्या कुठं लागला असता तर मेकॅनिक आला असता का?" सटवाजी म्हणाला. "मुन्ना बोअरावर बसून मोटार उपसून राहिला. मी फोन केला तो आभार मानाया."

मुन्ना म्हणजे शेठचा मेकॅनिक. दुपारी तो आला, हात पुसत, तेव्हा करुणानं विचारलं, हट्ट्याला कुणी पाठवलं. मुन्ना तिच्याकडे बघतच राहिला.

"तुमीच तर घरी फोन केला ताई. शेजाऱ्याच्या फोनवर. म्हनल्या, मुन्नाभाऊ, चहा घेतला का? थंडीत लवकर निगावं लागून राहिलं, रागवू नका." मग तो थोडा लाजला. "असं कधी कोन इचारत न्हाई मला."

करुणानं त्याला आजवर चहाचं कधी विचारलं नव्हतं. हे तिला त्या क्षणी आठवलं, आणि फोनपेक्षा तेच जास्त लागलं.

३

त्यानंतर "मघाची बाई" रोज निघायला लागली. सेनगावचा कुणी, औंढ्याचा कुणी, वाशिमकडचा कुणी. सगळ्यांचं एकच मागणं: ती दुसरी द्या. ती ऐकून घेते. ती उगी मधी बोलत न्हाई. तिनं माझ्या लेकराचा ताप इचारला. एकानं तर तोंडावर सांगितलं, "बाई, तुमी पगार घेता अन् काम ती करते."

आधी करुणाला वाटलं, लोक मिळून थट्टा करतायत. मग वाटलं, शेठनं हिंगोलीच्या दुकानात दुसरी मुलगी बसवली असणार आणि लाईन तिकडे जोडली असणार. हे पटण्यासारखं होतं. आणि पटलं तसा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण इथे वर्षभर शिव्या खाल्ल्या आणि ही कोण टपकली, गोड बोलून सगळी माणसं पदरात पाडून घेणारी? ती त्या मुलीचा चेहरा मनात रंगवायची. गोरी असेल. हिंगोलीच्या कॉलेजातली असेल. केस मोकळे सोडत असेल. रात्री आईच्या शेजारी पडल्या पडल्या करुणा त्या नसलेल्या चेहऱ्याचा इतका हेवा करायची की झोप उडायची.

एका बुधवारी नरसीच्या नर्मदाबाई स्वतः आल्या. एसटीतून उतरून, धापा टाकत. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. नवरा गेल्यावर शेत त्याच बघायच्या आणि मोटार बंद पडली की फोनवर रडायच्या. करुणानं त्यांना एकदा म्हटलं होतं, रडून मोटार चालू होत असती तर आमी मेकॅनिक कशाला ठेवला असता.

"पुनम कुठं हाय गं?" त्यांनी विचारलं.

"मीच पुनम," करुणा म्हणाली. नियमाप्रमाणे खरंच बोलली ती.

नर्मदाबाईंनी तिचं बोलणं डोळे मिटून ऐकलं, आणि मान हलवली. "न्हाई बाई. तू न्हाई. तिचा आवाज कसा, ताकात लोणी यावं तसा वर येतो." मग पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या. नामदेवाच्या देवळापुढच्या दुकानातून घेतलेल्या. "तिचं लगीन हाय म्हनली वैशाखात. तिला दे. अन् तू मनाला लावून घेऊ नको. सगळ्यांना सगळं जमत न्हाई."

त्या गेल्यावर करुणा किती तरी वेळ टेबलावरच्या बांगड्यांकडे बघत बसली. वैशाखात लग्न तिचं होतं.

शेवटी तिनं एक बांगडी हातात घालून बघितली. ती पंजाच्या मध्यावर अडली. साबण लावला, दाबली, हाडं दुखायला लागली. करुणाचे हात काही जाड नव्हते. तिनं बांगड्या कागदात बांधून ड्रॉवरमध्ये टाकल्या, ड्रॉवर पायानं बंद केला, आणि वाजणारा फोन तसाच वाजू दिला.

थोड्या वेळानं तो मध्येच थांबला. कुणीतरी उचलल्यावर थांबतो तसा.

४

हिंगोलीचं दुकान गाठायचं म्हणजे अर्धा दिवस मोडला असता. करुणा डोक्यानं चालणारी मुलगी. तिनं तार धरली. टेबलाखालून निघालेली फोनची तार भिंतीच्या कडेकडेनं जायची, मागच्या दाराच्या चौकटीला वळसा घ्यायची आणि एका भोकातून गोदामात शिरायची. म्हणजे आत दुसरा फोन असणार. कुणीतरी आत बसून बोलत असणार. हे समजल्यावर तिला भीती वाटण्याऐवजी बरंच वाटलं. आता ती सापडणार होती.

भर दुपार होती. गोदामात पत्र्याच्या फटीतून उजेडाच्या पट्ट्या पडलेल्या. जळक्या वार्निशचा वास. मोटारी ओळीनं पडलेल्या, त्यांच्यावर जाळी. अगदी मागे एका खोक्यावर जुना लाल फोन होता, गोल तबकडीचा. तबकडीवर धुळीचा जाड थर होता, बोट फिरवलं तर नाव लिहिता आलं असतं.

फक्त रिसीव्हर स्वच्छ होता.

तिनं तो उचलला. गरम. आणि जिथे तोंड येतं तिथे, बारीक छिद्रांवर, ओलावा होता. थंडीत आरशावर श्वास सोडावा तसा.

करुणानं मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. खोक्यासमोर जमिनीवरची धूळसुद्धा मोडलेली नव्हती. तिच्या स्वतःच्या पावलांचे ठसे तेवढे.

ती बाहेर आली आणि मुन्नाला आत घेऊन गेली. सांगितलं, हा फोन आत्ता काढून टाका. मुन्नानं तो उलटा केला आणि हसला. "ताई, हा कवाचा मेलाय. बघा, याला तारच न्हाई. उंदरानं खाल्ली ती मागच्या साली, भोकातच तुटून पडली." त्यानं रिसीव्हर हातात धरला, तिच्याकडे दिला. आता तो गार होता. ओलावाही नव्हता.

"तुमी थकल्या असाल," मुन्ना म्हणाला. मग दाराशी जाऊन वळला. "सकाळी तर चांगल्या बोलून राहिल्या होत्या."

५

धम्मदीपचा फोन केंद्रावरच यायचा, घरी फोन नव्हता म्हणून. आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यासमोरच्या पीसीओतून. तो बोलका नव्हता आणि करुणाही फोनवर अवघडायची. दिवसभर ज्या यंत्रात लोकांचं ओरडणं ऐकायचं, त्याच यंत्रात प्रेमाचं बोलायचं तिला जमत नसे. जेवलात का, व्हय, तुमी, व्हय, थंडी हाय का तिकडं, हाय. एवढंच. पण रिसीव्हर ठेवल्यावर ती दिवसभर ते चार शब्द पुरवून पुरवून वापरायची. त्या माणसात तिचं सगळं पुढचं आयुष्य होतं.

सोमवारी त्याचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो ओलावा.

"काल लई बरं वाटलं मला," तो म्हणाला. "किती बोललो आपन. पीसीओवाला दार वाजवून राहिला होता तरी तू बोलतच होतीस."

काल रविवार होता. केंद्र बंद. करुणा दिवसभर घरी गोधड्या धूत होती.

"काय बोललो?" तिनं विचारलं.

"आता मलाच इचारतेस? तू म्हनलीस ना, आईला एकटं टाकून यायचं जिवावर येऊन राहिलं म्हनून. आई झोपली की तिचे भेगाळलेले हात बघून रडू येतं म्हनून. मी रातभर विचार केला. आईला घेऊन येऊ आपल्यासंग. खोली लहान हाय, पन भागंल."

करुणा टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसली. हे ती कुणालाच बोलली नव्हती. आईला नाही, मैत्रिणीला नाही. रात्री आईचे हात बघताना नुसतं मनात आलं होतं. आणि जी गोष्ट मागायची तिची छाती झाली नसती, ती दुसऱ्याच कुणी तिच्यासाठी मागितली होती, आणि त्यानं दिलीही होती.

ती म्हणू शकली असती: अहो, ती मी नव्हते. आजही ऐकणाऱ्याला वाटतं, का नाही म्हणाली? पण मग तो काय म्हणाला असता? मग कोण होती? आणि त्या कोण होतीला तो इतकं बोलला होता. करुणाच्या पोटात जी आग पडली ती भीतीची नव्हती. आपल्या ताटातलं कुणी जेवून उठावं आणि पोट आपलं भरल्याचं लोकांनी सांगावं, तसं ते होतं.

"फोन उचलल्यावर मी काय म्हनले?" तिनं हळूच विचारलं.

"नेहमीचंच. मी पुनम बोलते. मी म्हनलं, ती पुनम ठेव बाजूला, करुणाला दे." तो हसला. "तर तू गपच झालीस जरा. मग म्हनलीस, करुणा तर हितं न्हाई, मीच बोलते, चालंल का?"

तिनं नुसतं "व्हय" म्हटलं.

"आज तू कालच्यासारखी बोलंना," धम्मदीप म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा हिरमुसला.

फोन ठेवल्यावर तिनं ड्रॉवर उघडला. कागद होता, दोरा होता. बांगड्या नव्हत्या.

६

ती हिंगोलीला जाऊन शेठच्या समोर उभी राहिली. म्हणाली, दुसरी मुलगी ठेवली असेल तर सरळ सांगा.

लालसिंग शेठला हसू आवरेना. "दुसरी काहून ठेवू बेटा? तूच तर आजकाल सोनं पेरून राहिली फोनवर. लोक दुकानात येऊन तारीफ करतात."

"मग पुनम कोन होती?"

"कोन पुनम?"

"पहिली. जिचं नाव चालवून राहिलो आपन."

"अशी कोनी नव्हतीच," शेठ म्हणाला. "फोन बसवला त्या दिशी कॅलेंडरात पुनव होती. ठेवलं नाव. नुसतं नाव हाय ते, त्याला काय माणूस लागतं?"

परतीच्या जीपमध्ये करुणा खिडकीशी बसली आणि तिनं ठरवून टाकलं. चुकलं ते इथेच, पण त्या वेळी तिला ते फार शहाणपणाचं वाटलं. लोक पुनमवर जीव टाकतात ना? मग पुनम बंद. शेठचा नियम गेला खड्ड्यात. कष्ट आपले, शिव्या आपण खाल्ल्या, नाव का त्या कॅलेंडरचं?

दुसऱ्या दिवसापासून ती फोन उचलला की म्हणायची, "नमस्कार, मी करुणा बोलते. पुनम गेली काम सोडून. आता मीच हाय. करुणा. ध्यानात ठेवा." प्रत्येकाला. जे ऐकत नव्हते त्यांच्याकडून ती नाव वदवून घ्यायची. म्हना, करुणा. सटवाजीकडून म्हणवून घेतलं, नर्मदाबाईंकडून घेतलं. गोडही बोलायला लागली. मुन्नाला चहा विचारला. चार-दोन दिवस खरंच कुणी पुनमचं नाव काढलं नाही. सकाळी रिसीव्हर गार असायचा. करुणाला असं वाटलं की आपण एक घर रिकामं करून घेतलं. त्या आनंदात तिनं धम्मदीपला सांगितलं, सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला या. आणि तो येतो म्हणाला.

मग हट्ट्याहून फोन आला.

"करुणाबाईला द्या," सटवाजी म्हणाला.

"मीच करुणा काका."

"न्हाई, न्हाई," तो समजुतीनं म्हणाला, जसं एखाद्या लेकराला सांगावं. "मला आवाज कळतो बाई. मघाची करुणा. ती खरी."

करुणानं रिसीव्हर ठेवला. हाताला तो पुन्हा उबदार लागत होता. तिनं स्वतःला सांगितलं की आपण बराच वेळ धरला होता म्हणून.

७

सव्वीस जानेवारीला धम्मदीप आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात करुणाच्या आईसाठी संत्र्यांची पिशवी. केंद्र चालू होतं. रविवार सोडला तर मोटारींना कसली आली सुट्टी. शाळेकडून पोरांच्या घोषणा ऐकू येत होत्या. तो टेबलासमोरच्या लाकडी खुर्चीवर बसला.

"थंडी हाय इकडं," तो म्हणाला.

"हाय," ती म्हणाली.

तो सारखा फोनकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "करुणा, तू फोनवर किती येगळी वाटतेस गं." त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. तिचे डोळे भरले. ते दिसू नयेत म्हणून ती उठली आणि म्हणाली, बसा, मी समोरून चहा आणते.

रस्ता ओलांडून ती ढाब्यावर गेली. चहा उकळत होता. तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि केंद्राकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. धम्मदीप दिसत होता. तो पुढे झुकून बसला होता, कोपरं टेबलावर, आणि हसत होता. मान मागे टाकून. असा तो तिच्यापुढे कधी हसला नव्हता.

तिची खुर्ची खिडकीतून अर्धीच दिसायची. पाठ तेवढी. ती जराशी इकडे फिरली, जराशी तिकडे, माणूस आरामात बसून बोलताना खुर्ची फिरते तशी. मग टेबलावर, धम्मदीपच्या हाताशेजारी, एक हात येऊन टेकला. मनगटभर हिरव्या बांगड्या.

एक ट्रक मध्ये आला. गेला. हात तिथेच होता.

पळत जायला हवं होतं. पण मी सांगतो, पाय नाही हलले तिचे. हलला तो राग. ढाब्याच्या कडेला पीसीओचा पिवळा डबा होता. करुणा त्यात शिरली आणि तिनं केंद्राचा नंबर फिरवला. वर्षभर जे जे कानात ओतलं गेलं होतं ते सगळं तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. माझी खुर्ची, माझा फोन, माझा माणूस. चल ऊठ तिथून. बोलव तुझ्या मालकाला. रस्त्यापलीकडे घंटी वाजली. तिला ती दोन्ही कानांनी ऐकू आली, एका कानात रस्त्यावरून, एका कानात तारेतून. खिडकीतला हात उचलला गेला.

"नमस्कार," आवाज म्हणाला. "मी करुणा बोलते. सांगा, काय तकलीफ आहे?"

आवाज खरंच गोड होता. नर्मदाबाई म्हणाल्या तसा.

करुणानं तोंड उघडलं. पलीकडे धम्मदीप विचारत होता, कोन हाय गं? आणि तो आवाज रिसीव्हर जरा बाजूला धरून त्याला सांगत होता, गिऱ्हाईक हाय, रागात हाय बिचारी, तुमी संत्री सोला, मी आले. मग तो पुन्हा तिच्याकडे वळला. घाई नाही, कंटाळा नाही. जगात दुसरं काही कामच नसावं असा.

"तुमी आधी नाव सांगा ताई. कोन बोलून राहिल्या?"

नाव तिला माहीत होतं. आईनं ठेवलेलं, विहारात घेतलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं. ती ते शोधू लागली. घाईत फडताळ उघडावं आणि रोजची वस्तू जागेवर नसावी, तशी तिची जीभ चाचपडली. हाताला आलं ते जे रोज आलं होतं तेच.

"मी पुनम बोलते," ती म्हणाली.

पलीकडे बांगड्या किणकिणल्या.

"बोला पुनमताई," आवाज म्हणाला. "सावकाश बोला. मी ऐकून राहिले."

ढाबेवाल्यानं चहा गाळून ठेवला, दोन हाका मारल्या. काचेच्या डब्यात ती बाई रिसीव्हर कानाला घट्ट लावून उभी होती, गाल ओले, आणि ऐकत होती. पुढे तो सांगायचा, कोण होती ते ओळखू आलं नाही, पण तिचा चेहरा हळूहळू शांत होत गेला. कुणीतरी पहिल्यांदाच तिचं सगळं नीट ऐकून घेत असावं तसा.